म्युझिक लायब्ररीला ट्रॅक देताना या चुका टाळा

म्युझिक लायब्ररी म्हणजे व्हिडिओ-जाहिरातींसाठी तयार ट्रॅक लायसन्सवर विकणारी जागा. तिथे ट्रॅक शोधणारा माणूस बहुतेक वेळा व्हिडिओ एडिटर असतो आणि त्याला घाई असते. सुरुवातीची आठ-दहा सेकंदं ऐकून तो पुढे सरकतो. ट्रॅक आवडलाच, तर त्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते: हा माझ्या टाइमलाइनवर नीट बसेल ना, आणि उद्या कुणी हक्क सांगत येणार नाही ना? लायब्ररीकडून ट्रॅक परत येतो किंवा विकला जाऊनही पैसे येत नाहीत, तेव्हा दोष चालीत क्वचितच सापडतो. तो करारात, नोंदणीत नाहीतर एक्सपोर्टच्या खिडकीत दडलेला असतो.

एकच ट्रॅक दोन ठिकाणी

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. एक्सक्लुझिव्ह करारात ट्रॅक ठरलेल्या मुदतीसाठी एकाच लायब्ररीकडे राहतो, नॉन-एक्सक्लुझिव्हमध्ये तो इतरांनाही देता येतो. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घोटाळा होतोच. जुन्या लायब्ररीतून ट्रॅक काढला की विषय संपला, असं आपण धरून चालतो. पण काढण्याआधी विकली गेलेली लायसन्स चालूच राहतात. शिवाय कित्येक करार मुदत संपल्यावर आपोआप वाढतात, ते थांबवायला आधी लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून एक्सक्लुझिव्ह करारावर सही करण्यापूर्वी जुना करार उघडा, मुदत आणि नोटिशीचं कलम वाचा आणि ट्रॅक आधी कुठे होता हे नव्या लायब्ररीला ईमेलने कळवून ठेवा. ड्रम्स काढून, नाव बदलून तोच ट्रॅक दुसरीकडे देणं हाही करारभंगच. रचना तीच राहते.

रीटायटलिंगचं दुखणं वेगळं. काही नॉन-एक्सक्लुझिव्ह लायब्रऱ्या तुमच्या ट्रॅकला नवं नाव देतात आणि त्या नावाने सोसायटीकडे, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, स्वतःची पब्लिशर (रचनेच्या हक्कांचा व्यवहार पाहणारा) म्हणून नोंद करतात. तीन लायब्रऱ्यांत ट्रॅक दिला, तर ऑडिओ एक आणि नावं तीन. प्रसारणावर लक्ष ठेवणारी फिंगरप्रिंट यंत्रणा आवाज ओळखते, पण तो तिन्ही नावांखाली हुबेहूब सारखा असतो. मग पैसे भलत्या नोंदीवर जातात किंवा वाद मिटेपर्यंत अडकून पडतात. रीटायटल करणाऱ्या एकाहून जास्त लायब्रऱ्यांना तोच ट्रॅक देऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

विकत घेतलेल्या ट्रॅकवर ग्राहकाला कॉपीराइटचा दावा

ग्राहकाने रीतसर लायसन्स घेतलं, व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि तासाभरात कंटेंट आयडीचा, म्हणजे नोंदवलेला ऑडिओ आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा आला. असा ग्राहक सहसा परत येत नाही. कारणं बहुधा तीनच असतात.

पहिलं, तुमचीच चूक. हाच ट्रॅक तुम्ही डिस्ट्रिब्युटरमार्फत स्ट्रीमिंगवर आणला आणि फॉर्ममधल्या कंटेंट आयडीच्या चौकटीवर टिक केली. आता यंत्रणा तुमच्याच वतीने तुमच्याच ग्राहकाला अडवते. दुसरं, विकतच्या पॅकमधला लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा, तुम्ही जसाच्या तसा, उघडा वापरला. तोच लूप वापरून आणखी कुणी गाणं नोंदवलं असेल, तर यंत्रणेला दोन्ही सारखीच ऐकू येतात. तिसरं, तुमच्या ट्रॅकचं लायसन्स घेऊन कुणी त्यावर रॅप केला आणि गाणं स्वतःचं म्हणून नोंदवलं.

यूट्यूबचा नियम असा की कंटेंट आयडीत नोंदवायच्या ऑडिओवर तुमचा एकट्याचा हक्क हवा. नॉन-एक्सक्लुझिव्ह लायब्ररीत असलेला ट्रॅक त्यात बसत नाही, तो नोंदवूच नका. दावा आलाच तर या क्रमाने जा:

१. ग्राहकाकडून दाव्याचा स्क्रीनशॉट मागवा. दावेदाराचं नाव, दाव्यातल्या गाण्याचं नाव आणि व्हिडिओतली नेमकी वेळ त्यात दिसली पाहिजे.
२. दावेदार तुमचाच डिस्ट्रिब्युटर असेल, तर त्याला दावा सोडायला सांगा आणि ट्रॅक कंटेंट आयडीतून काढून घ्या. नुसता एक दावा सोडवून भागत नाही, पुढच्या ग्राहकाचं तेच होणार.
३. दावेदार परका असेल, तर दाव्यातलं गाणं ऐका. सामायिक भाग लूपचा आहे की तुमचा अख्खा ट्रॅक, हे आधी ठरवा. उत्तराचा मसुदा त्यावर अवलंबून आहे.
४. ग्राहकाला लायसन्सच्या प्रतीसह हरकत नोंदवायला सांगा, तीही पाच दिवसांच्या आत. तसं केलं तर दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न राखून ठेवलं जातं, उशीर झाला तर हरकतीच्या दिवसापासूनचं. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात.

लूप वापरायचेच असतील, तर पॅकच्या लायसन्समध्ये 'प्रॉडक्शन म्युझिक' आणि 'कंटेंट आयडी' हे शब्द शोधा. काही पॅक चित्रपट-गाण्यांना मोकळीक देतात आणि लायब्ररीला नाही म्हणतात. एआयने बनवलेल्या ऑडिओबाबतही आता अनेक लायब्रऱ्या लेखी हमी घेतात. खोटं लिहून दिलं, तर नुकसानभरपाईचं कलम तुमच्यावर उलटतं.

'अमक्यासारखं' वाजवणं आणि तसं नावही देणं

न्यूझीलंडमधल्या नॅशनल पार्टीने २०१४ च्या निवडणूक जाहिरातीत एका लायब्ररीतला ट्रॅक रीतसर लायसन्स घेऊन वापरला. ट्रॅकचं नाव होतं 'एमिनेम एस्क', म्हणजे अमेरिकन रॅपर एमिनेमच्या वळणाचा. ज्याची ही नक्कल होती, त्या एमिनेमच्या 'लूज युवरसेल्फ' गाण्याच्या पब्लिशर्सनी खटला भरला. २०१७ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने कॉपीराइटचा भंग झाल्याचं ठरवून ६,००,००० न्यूझीलंड डॉलर भरपाई दिली. पुढच्या वर्षी अपिलात ती २,२५,००० वर आली, पण भंगाचा निष्कर्ष टिकला. लायसन्स हातात असूनही पक्षाची सुटका झाली नाही.

संदर्भ म्हणून दिलेल्या गाण्याचा टेम्पो, वाद्यमेळ, मूड जरूर घ्या. रिफ, बेसची चाल आणि कॉर्ड्स एकत्र उचलल्या की धोका सुरू झाला. आणि फाइलच्या नावात, कीवर्डमध्ये, अगदी प्रोजेक्ट फोल्डरवरसुद्धा कलाकाराचं नाव नको. नक्कल मुद्दाम केली, याचा तो आयता पुरावा ठरतो.

स्टेम्स एकत्र वाजवले की ट्रॅक वेगळाच

स्टेम म्हणजे ट्रॅकमधल्या एकेका वाद्यगटाची स्वतंत्र फाइल. ते एकत्र वाजवल्यावर ट्रॅक वेगळाच लागतो, ही तक्रार वारंवार येते आणि कारण बहुधा एक्सपोर्टच्या खिडकीतलं 'नॉर्मलाइझ'. ते चालू असेल तर प्रत्येक स्टेम स्वतंत्रपणे कमाल पातळीपर्यंत उचलला जातो, मग हळू वाजणारा पॅड ड्रम्सच्या बरोबरीला येतो. ते बंद करा. सगळे स्टेम्स एकाच शून्य बिंदूपासून काढा. व्हायोलिन चाळिसाव्या सेकंदाला येत असलं, तरी आधीची चाळीस सेकंदांची शांतता फाइलमध्ये राहू द्या, नाहीतर एडिटर ते कुठे लावायचं ते शोधत बसेल. रिव्हर्ब आणि डिले ज्याचे त्याच्या स्टेममध्येच छापा.

तपासणी दोन मिनिटांची आहे. मास्टरचा लिमिटर आणि कॉम्प्रेसर बंद ठेवून मिक्स काढा, नव्या सेशनमध्ये ते मिक्स आणि सगळे स्टेम्स शून्यावर लावा, मिक्सची फेज उलटी करा. दोन्ही एकमेकांना खोडून जवळजवळ शांतता ऐकू आली तर काम बरोबर. एखादं वाद्य ऐकू येत असेल तर ते स्टेम्समध्ये राहून गेलंय, दोनदा आलंय किंवा त्याची पातळी बदललीय. कोरस किंवा रँडम मॉड्युलेशन असलेला सिंथ दर वेळी थोडा निराळा वाजतो, त्यामुळे तेवढा उरलेला आवाज चालतो.

फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह द्या, व्हिडिओचं काम त्यावरच चालतं. ४४.१ ची फाइल नीट रूपांतर न करता ४८ म्हणून वाजली, तर ती सुमारे ९ टक्के जास्त वेगाने आणि जवळपास दीड सेमीटोन वर वाजते. ट्रू पीक, म्हणजे आवाजाची खरी कमाल पातळी, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, एमपी३ करताना पीक आणखी वर उसळतात. लूपची एमपी३ देऊ नका, एन्कोडर टोकांना थोडी शांतता जोडतो आणि जोड खटकतो.

३० सेकंदांचा एडिट ३२ सेकंदांचा

इथे गणित आधी करावं. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ मात्रा) चार मात्रांचा एक बार १.८७५ सेकंदांचा, म्हणजे १६ बार बरोबर ३० सेकंद. हिशेब इतका सरळ दिसतो की लोक १६ बार वाजवून पुढच्या ठोक्यावर शेवट करतात. तो ठोका पडतो तिसाव्या सेकंदाला आणि त्याची शेपूट बाहेर लोंबते. शेवटचा ठोका सोळाव्या बारच्या पहिल्या मात्रेवर घ्या. तो २८.१२५ व्या सेकंदाला येतो आणि विरायला साधारण १.४ सेकंद मिळून फाइल २९.५ वर संपते. फेड-आउटने कापलेला एडिट जाहिरातीला निरुपयोगी, स्पष्ट शेवट हवा. ६०, ३० आणि १५ सेकंदांचे एडिट, मेलडीविना मिक्स, ड्रम्सविना मिक्स आणि एक स्टिंग (काही सेकंदांचा छोटा तुकडा) एवढं सोबत असलं की एडिटर दुसरीकडे जात नाही.

वाजला, पण पैसे आले नाहीत

'रॉयल्टी-फ्री' म्हणजे ग्राहकाला दर वापरामागे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढंच. वाहिनी तिच्या परवान्यापोटी जे पैसे सोसायटीला देते, त्यातला वाटा तुम्हाला मिळू शकतो. अट ही की नोंद आणि क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमात वाजलेल्या संगीताची यादी, जुळली पाहिजे.

क्यू शीट निर्मितीसंस्था भरते. तिथे नावाच्या जागी 'लायब्ररी म्युझिक' लिहिलं गेलं, की तुमचे पैसे कुणाचेच नाहीत. म्हणून लायसन्सबरोबर जाणाऱ्या कागदात तयार मजकूर द्या: नोंदणीतलं हुबेहूब शीर्षक, संगीतकाराचं पूर्ण नाव, सोसायटी, आयपीआय क्रमांक (सोसायट्यांच्या नोंदीतला तुमचा ओळख क्रमांक), पब्लिशर आणि टक्केवारी. स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. शीर्षक 'होप' किंवा 'इन्स्पिरेशन' असलं, तर त्या नावाच्या ढिगात तुमची नोंद शोधणं अवघड, दोन-तीन शब्दांचं वेगळं नाव घ्या.

दुसरी अडचण दुहेरी नोंदीची. एक्सक्लुझिव्ह करारात नोंदणी सहसा लायब्ररी करते. तुम्हीही तीच रचना स्वतःच्या नावे शंभर टक्के नोंदवली, तर दोन नोंदींचं भांडण लागतं आणि रक्कम थांबते. कोण नोंदवणार हे करारात लिहून घ्या. सहसंगीतकार असेल, तर वाटणीचा कागद रेकॉर्डिंगच्याच दिवशी सह्या करून ठेवा, बेरीज १०० झाली पाहिजे. मानधन घेऊन वाजवून गेलेल्या बासरीवाल्याकडूनही रेकॉर्डिंगचे हक्क दिल्याचं दोन ओळींचं पत्र घ्या. ट्रॅक विकला गेल्यावर ते मागायला जाणं फार जड जातं.

करारात न वाचलेल्या पाच ओळी

'५० टक्के' हे एकूण रकमेचे की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे? निव्वळ असेल तर कोणते खर्च वजा होणार, त्याची यादी हवी. संगीतकाराचा वाटा, म्हणजे रायटर्स शेअर, मागणाऱ्या कराराला आम्ही नाहीच म्हणू. पब्लिशरचा वाटा मागणं रीतीचं आहे. बायआउट, म्हणजे एकरकमी विक्री, असेल तर पुढच्या रॉयल्टीवरचा तुमचा हक्क जातो की राहतो, हे तोंडी न ठेवता लिहून घ्या. काही सबस्क्रिप्शन लायब्रऱ्यांचा करार सोसायटीचं सदस्यत्व असलेल्यांना लागूच होत नाही, ते अर्ज करण्याआधी बघा. आणि कायमस्वरूपी एक्सक्लुझिव्ह करारात, ठरलेल्या वर्षांत ट्रॅक विकला गेला नाही तर हक्क परत मिळतील, असं कलम मागा. कित्येकदा ते मिळत नाही. मग त्या लायब्ररीला सगळ्यात चांगले ट्रॅक देऊ नका.

प्रसारणाची रॉयल्टी यायला सहा-नऊ महिने सहज लागतात, परदेशातली असेल तर वर्षाहून जास्त. त्याआधी सोसायटीला पत्र लिहून उपयोग नाही. नंतर लिहाल तेव्हा कार्यक्रमाचं नाव, भाग, प्रसारणाची तारीख आणि ट्रॅक कोणत्या मिनिटाला वाजला ते सोबत द्या.