पोटातल्या बाळाला गाणं ऐकवायचंय? पोटावरचे हेडफोन आधी काढा

मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकवलं की बाळ हुशार होतं, हा समज १९९३ च्या एका अमेरिकन प्रयोगानंतर पसरला. तो प्रयोग होता कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. त्यात गर्भाचा संबंधच नव्हता, आणि जो फरक दिसला तोही दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तेव्हा बुद्ध्यांकाचा हिशेब मनातून काढून टाका आणि मग सुरुवात करा.

सुरुवात कधी? बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं ते साधारण २५ व्या आठवड्याच्या आसपास. सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाची तयारी चालू असते तेव्हा, नेम धरलात तरी चालेल. त्याआधीची गाणी तुमच्यासाठी. तीही काही कमी महत्त्वाची नाहीत.

आता एकच चाल निवडा. पन्नास गाण्यांची यादी नको. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या हेलसिंकीच्या अभ्यासात आयांनी शेवटच्या तिमाहीत आठवड्यातून पाच वेळा ‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल लावली होती. जन्मल्यावर बाळांना तीच चाल, मधले काही स्वर बदलून ऐकवली आणि मेंदूच्या लहरी मोजल्या. पोटात ती ऐकलेल्या बाळांचा प्रतिसाद इतर बाळांपेक्षा ठळक होता, चार महिन्यांनीसुद्धा. म्हणजे ओळख राहते. त्यातून पुढे बुद्धी वाढते, असं मात्र त्यात सिद्ध झालेलं नाही.

शक्यतो स्वतः गा. बाहेरचा आवाज पोटात पोचेपर्यंत त्यातले उंच स्वर बरेचसे गाळले जातात. डग्ग्याची घुमक पोचते, झांजेची किणकिण विरते. तुमचा आवाज मात्र तुमच्याच शरीरातून आत जातो. आजीची ओवी असो की अंगाई, बेसूर झाली तरी हरकत नाही. तक्रार करणारं अजून बाहेर आलेलं नाही.

रोज दहा-वीस मिनिटं पुरे. स्पीकर लावायचाच तर खोलीत, आणि त्यावरून सहज गप्पा मारता येतील इतक्याच आवाजात. पोटाला हेडफोन किंवा स्पीकर चिकटवू नका. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपासून तर लांबच राहा; तो बास पोटात सहज शिरतो.

तुम्हाला आवडत नसेल तो राग कोणी कितीही सांगितला तरी लावू नका. तैवानमध्ये २३६ गर्भवतींच्या अभ्यासात दोन आठवडे संगीत ऐकणाऱ्या गटाचा ताण आणि चिंता कमी झाली होती. आईला बरं वाटणं हा इथला सगळ्यात भरवशाचा फायदा आहे.

बाळंतपणानंतर तीच चाल चालू ठेवा, विशेषतः झोपवताना.

गाणं लावल्यावर बाळ हललं नाही म्हणून धसका घेऊ नका, ते बहुतेक वेळ झोपलेलंच असतं. पण एरवीपेक्षा हालचाल कमी वाटली, तर गाणं लावून उठवत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.