घरात दुसरा ॲक्सेस पॉइंट जोडताय? मग या चुका टाळा

आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून माणूस कपाटातून जुना राउटर काढतो, मेन राउटरपासून केबल ओढून त्याला जोडतो, आणि मग आतल्या खोलीत तर नेट येत नाहीच पण बाहेर जे नीट चालू होतं त्याचीही बोंब होते. मग दोष जातो वायफायला. खरं तर बहुतेक वेळा वायफायचा काही संबंधच नसतो, घोळ असतो तो दोन डब्यांपैकी मालक कोण हे ठरलेलं नसतं त्याचा.

घरी जो राउटर असतो तो एकटाच तीनचार कामं करतो. इंटरनेटची लाईन सांभाळणं, प्रत्येक मोबाईल-लॅपटॉपला आयपी ॲड्रेस (नेटवर्कमधला पत्ता) वाटणं, ज्याला डीएचसीपी म्हणतात, वायरची पोर्टं देणं आणि वायफाय सोडणं. ॲक्सेस पॉइंटने यातलं फक्त शेवटचं काम करायचं असतं, आणि जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरायचा तर त्याची बाकीची कामं बंद करावी लागतात, तो स्वतःहून करत नाही.

डीएचसीपी दोन्हीकडे चालू ठेवणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. आयपी वाटणारे दोघं झाले की मोबाईल कनेक्ट होताना ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा ॲड्रेस घेतो. म्हणून लक्षण विचित्र असतं: एका मोबाईलवर नेट चालतं, दुसऱ्यावर नाही, वायफाय बंद-चालू केलं की कधी चालतं कधी नाही, आणि लोक दोन-दोन तास राउटर रिस्टार्ट करत बसतात. तपासायचं कसं? ज्या मोबाईलवर नेट नाही त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन गेटवे (बाहेर नेटवर जायचं दार) बघा. तिथे मेन राउटरचा ॲड्रेस हवा, दुसऱ्या डब्याचा दिसला की चोर सापडला.

त्यात बरेच राउटर कंपनीतूनच १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा ॲड्रेस घेऊन येतात, त्यामुळे दोघांचा पत्ता एकच निघण्याची शक्यता भरपूर.

तुमच्या डब्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, विषय संपला. नसेल तर हाताने करा, पण क्रमाने. मेन राउटरची केबल अजिबात न जोडता लॅपटॉप थेट जुन्या डब्याला लावा, आधी त्याचा लॅन ॲड्रेस (घरातल्या नेटवर्कवरचा त्याचा स्वतःचा पत्ता) बदला, म्हणजे मेन राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या (मेन राउटर जे ॲड्रेस वाटतो त्या रेंजच्या बाहेरचा हवा, ते आधी बघून घ्या), मग नव्या ॲड्रेसने परत लॉगिन करा, तेव्हा डीएचसीपी बंद करा आणि मगच केबल जोडा. डीएचसीपी आधी बंद केलं तर लॅपटॉपला आयपीच मिळत नाही आणि सेटिंगचं पान उघडता उघडत नाही, मग लॅपटॉपला हाताने आयपी टाकत बसावं लागतं.

केबल वॅन पोर्टात घालणं

राउटरवर वॅन पोर्ट इंटरनेटची लाईन लावायला असतं आणि लॅन पोर्टं घरातल्या वायरसाठी. असं हाताने सेटिंग केलं असेल तर केबल लॅन पोर्टात जाते. वॅनमध्ये घातली तर तो डबा स्वतःला राउटरच समजतो आणि आपलं वेगळं नेटवर्क बनवतो. डीएचसीपी बंद केलेलं असेल तर मोबाईलला ॲड्रेसच मिळत नाही. चालू असेल तर गंमत अशी की बऱ्याचदा नेट चालतं, म्हणून कळतच नाही, मग आतल्या खोलीतून प्रिंटर सापडत नाही, मोबाईलवरचा व्हिडिओ टीव्हीवर जात नाही, आणि लोक प्रिंटरला शिव्या घालतात. ॲक्सेस पॉइंट मोड निवडला असेल तर मात्र बहुतेक डब्यांवर वॅन पोर्टही साध्या पोर्टासारखं चालतं.

मोबाईलला १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस मिळाला तर समजा की आयपी देणाऱ्यापर्यंत आवाजच पोचला नाही. अशा वेळी केबल आणि पोर्ट बघा.

केबलवर आंधळा विश्वास

स्पीड नेमका ९०-९५ एमबीपीएसच्या आसपास अडकत असेल तर वायफायची सेटिंग उकरण्यात अर्थ नाही. केबलमध्ये ८ तारा असतात, १०० एमबीपीएसला त्यातल्या ४ पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. एक तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही की लिंक गुपचूप १०० वर येऊ शकते. किंवा जुन्या डब्याचं पोर्टच १०० वालं असतं. त्या खोलीत लॅपटॉप वायरने जोडून स्पीड बघा, तिथेच कमी आला तर पुढचं सगळं सोडा.

पीओईवाला (नेटच्या केबलमधूनच वीज घेणारा) ॲक्सेस पॉइंट असेल तर पॉवर कुठली लागते ते डब्यावर वाचा. स्टँडर्ड पीओई समोरच्याला विचारून पॉवर देतं, पॅसिव्हवाला इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा अडॅप्टर) न विचारता सरळ सोडतो, तो भलत्या डिव्हाइसला लावला तर जळू शकतं.

नाव, चॅनल आणि पॉवर

दोन्हीकडे वायफायचं नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटीचा प्रकार तिन्ही सारखे ठेवा, चॅनल (वायफाय ज्या पट्ट्यात चालतं तो) मात्र वेगळा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६, ११ यातलेच निवडा, चॅनलची विड्थ म्हणजे रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झचं नाव रिस्टार्टनंतर मिनिटभर दिसत नसेल तर घाबरू नका, काही चॅनलवर रडार आहे का ते डब्याला आधी ऐकावं लागतं.

आणि वायफायची पॉवर फुल करू नका. कुठल्या ॲक्सेस पॉइंटला चिकटायचं हे मोबाईल ठरवतो, लांबच्याचा सिग्नल बरा दिसतोय म्हटल्यावर तो त्यालाच धरून बसतो, तुम्ही नवीन डब्याखाली उभे असलात तरी. शिवाय डब्याचा आवाज मोबाईलला ऐकू येतो पण मोबाईलचा परत पोचत नाही, म्हणजे कांड्या भरपूर आणि नेट शून्य. २.४ ची पॉवर मिडियम किंवा लो करून बघा, माझ्या मते नवीन डबा विकत घेण्याआधी हे करावंच.

लूप

सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले आणि अख्ख्या घराचं नेट गेलं, तर कुठेतरी दोन वाटा झाल्यात. एकाच स्विचमधून (वायरची पोर्टं वाढवणारा डबा) त्याच डब्याला दोन केबल गेल्या असतील, किंवा डबा वायरने जोडलाय आणि त्याचा रिपीटर मोडही (मेन राउटरचं वायफाय पकडून पुढे सोडणारा) चालू राहिलाय. एकेक केबल काढत जा, जी काढल्यावर शांत होईल ती.

शेवटचं म्हणजे सगळं जमल्यावर सेटिंगचा बॅकअप घ्या आणि नवा ॲड्रेस डब्याच्या मागे चिकटवून ठेवा. कारण कधीतरी घरातलं कोणीतरी नेट स्लो आहे म्हणून टाचणीने रिसेट दाबतं, त्या डब्यातलं डीएचसीपी परत चालू होतं, आणि मग सगळ्यात आधी गेटवेच बघायचं.