आखूड आणि खाली राहणारा चेंडू: या चुका टाळा

टेनिसच्या कोर्टवर समोरचे काका बॅकहँडने हलकासा काप देतात. चेंडू सर्व्हिस बॉक्समध्ये, म्हणजे जाळीलगतच्या चौकटीत, पडतो आणि गुडघ्यापर्यंतही उठत नाही. आपण बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, धावत येतो, दणकून मारतो, आणि चेंडू एकतर जाळीत जातो नाहीतर मागच्या कुंपणावर आदळतो. पार्टनर म्हणतो, "अरे, सोपा होता की!" नाशिकमधल्या कुठल्याही कोर्टवर रविवारी सकाळी अर्धा तास उभं राहिलात तरी हे वाक्य कानावर पडेल.

तो चेंडू सोपा नव्हता. चेंडू आखूड पडला की आपण फक्त अंतर बघतो, उंची बघत नाही. जाळीच्या वर उठलेला आखूड चेंडू खुशाल मारावा. जाळीच्या खाली राहिलेला आधी वर उचलावा लागतो. हा फरक धावतानाच मनाशी केला नाही तर पुढच्या सगळ्या चुका आपोआप होतात.

जोर लावणं

ही चूक सगळ्यात मोठी, म्हणून आधी तिचं गणित बघू. जाळी मध्यभागी 91 सेंटिमीटर उंच असते, खांबांपाशी 1.07 मीटर. सर्व्हिस लाइन, म्हणजे सर्व्हिस बॉक्सची मागची रेषा, जाळीपासून 6.40 मीटरवर, बेसलाइन 11.89 मीटरवर. समजा, सर्व्हिस लाइनवर तुम्ही जमिनीपासून 30 सेंटिमीटरवरचा चेंडू घेताय. तो जाळीच्या वीतभर वरून न्यायचा आणि पलीकडच्या बेसलाइनच्या आत पाडायचा आहे. हवेचा विरोध आणि फिरकी बाजूला ठेवली, तर वेग ताशी साधारण 73 किलोमीटरच्या वर गेला की चेंडू बाहेर. हवेमुळे थोडी सवलत मिळते, टॉपस्पिनमुळे (चेंडूला खाली ओढणारी पुढची फिरकी) आणखी थोडी. पण टॉपस्पिन काढायला रॅकेटचं डोकं चेंडूच्या खाली जावं लागतं आणि गुडघ्याखालच्या चेंडूला तिथे जागाच उरत नाही. म्हणजे कंबरेच्या उंचीवर जो फोरहँड तुम्ही बिनधास्त मारता, तोच इथे मारला तर चेंडू आत पडायला वावच नसतो.

यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. 1975 च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात आर्थर अ‍ॅशने जिमी कॉनर्सला नेमकं याच कोड्यात पकडलं. कॉनर्स गतविजेता होता आणि समोरून येणारा वेग त्याला हवाच असायचा. अ‍ॅशने वेगच दिला नाही. कॉनर्सच्या फोरहँडकडे हळू, खालचे, आखूड चेंडू टाकत राहिला आणि 6-1, 6-1, 5-7, 6-4 असा जिंकला. इतक्या वरच्या दर्जाच्या खेळाडूचा फोरहँड त्या उंचीवर अडखळत असेल, तर आपण त्या चेंडूकडून विनर, म्हणजे थेट पॉइंट देणारा फटका, मागू नये. खोल, सुरक्षित फटका मागावा.

म्हणून बॅकस्विंग लहान ठेवा. रॅकेट खांद्याच्या मागे गेली की उशीर झालाच म्हणून समजा. पळण्याचा वेग शरीरात आहेच, तो फटक्यात उतरतो. हाताने फक्त दिशा आणि उंची द्यायची.

टाचांवर उभं राहणं

बेसलाइन ते सर्व्हिस लाइन हे अंतर 5.49 मीटर, म्हणजे पाच-सहा पावलं. एवढं अंतर साठीतल्या माणसालाही वेळेत कापता येतं, पण निघायला उशीर होतो. चेंडू जाळी ओलांडेपर्यंत आपण "आखूड आहे का?" हेच ठरवत असतो.

खुणा त्याआधीच दिसतात. समोरच्याची रॅकेट चेंडूच्या वरच्या बाजूला तयार आहे, तिचं तोंड थोडं आकाशाकडे उघडं आहे आणि ती वरून खाली येतेय, म्हणजे स्लाइस (कापलेला चेंडू) येणार. तो ताणलेल्या अवस्थेत, शरीरापासून लांब चेंडू घेतोय, म्हणजे चेंडूत दम नसणार. त्याने मोठा स्विंग घेऊन शेवटी हात सैल सोडला, तर ड्रॉप शॉट, म्हणजे जाळीजवळ अलगद टाकलेला चेंडू. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी जागेवर छोटी उडी घ्या, दोन्ही पाय चवड्यांवर उतरू द्या आणि तिथूनच पुढे निघा.

आखूड चेंडू दोन तऱ्हेचे असतात, हेही लक्षात असू द्या. चपटा, जाळीच्या जरा वरून आलेला स्लाइस टप्पा पडल्यावर घसरत तुमच्याकडेच येतो. त्याच्यावर नको तेवढं चढून गेलात तर तो पायात येतो. ड्रॉप शॉट वरून उभा पडतो आणि बॅकस्पिनमुळे (उलट्या फिरकीमुळे) जागच्या जागी थांबतो, कधी जाळीकडे परतही जातो. त्याच्यापर्यंत मात्र पूर्ण पोचावंच लागतं. पहिल्यासाठी शेवटची दोन पावलं छोटी करा, दुसऱ्यासाठी रॅकेट आधीच पुढे धरून धावा.

कंबरेतून वाकणं

मार्केट यार्डात कांद्याची गोणी उचलणारा माणूस कसा खाली जातो ते आठवा. पाठ सरळ, गुडघे मोडलेले. आपण कोर्टवर नेमकं उलटं करतो. पाय ताठ राहतात, कंबर वाकते, डोकं पुढे झुकतं आणि रॅकेटचं डोकं मनगटापासून खाली लोंबतं. मग फटका मारता मारता आपण सरळ होतो आणि चेंडूही आपल्याबरोबर वर उडतो.

पायांमध्ये अंतर वाढवा, पुढचा गुडघा मोडा, मागचा गुडघा जमिनीच्या जवळ जाऊ द्या. चेंडू रॅकेटवरून सुटेपर्यंत वर उठू नका. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खोल बसण्याचा हट्ट धरू नये. पाय जास्त फाकवले तरी उंची कमी होते, आणि स्लाइसला टॉपस्पिनइतकं खाली जावं लागत नाही. थंडीत तर पाय गरम झाल्याशिवाय असला चेंडू ताणून घेऊच नका.

ग्रिप न बदलणं

टीव्हीवरचं टेनिस बघून शिकलेली पिढी सेमी-वेस्टर्न (तळहात मुठीच्या खालच्या बाजूला वळवलेली पकड) किंवा त्याहून वळवलेल्या ग्रिपने फोरहँड मारते. खांद्याच्या उंचीवर ती ग्रिप राजा आहे. घोट्याच्या उंचीवर तिच्यामुळे रॅकेटचं तोंड जमिनीकडे मिटतं, आणि मिटलेल्या तोंडाने खालचा चेंडू जाळीवरून जाणार कसा? मग मनगट मुरगळून तोंड उघडायचा प्रयत्न होतो, तिथे कोपरही दुखावतं.

सर्व्हिस आणि व्हॉलीसाठी (टप्पा पडण्याआधीच्या फटक्यासाठी) जी कॉन्टिनेंटल ग्रिप वापरता, तीच इथे धरा. हातोडी धरल्यासारखी ही पकड रॅकेटचं तोंड आपसूक थोडं उघडं ठेवते. चेंडूच्या मागून आणि थोडं खालून रॅकेट पुढे न्या. चेंडूला कापत थेट खाली जाऊ नका, नाहीतर तो हवेत तरंगेल आणि समोरचा स्मॅश मारेल. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्यांनी आखूड, लांबच्या चेंडूला दुसरा हात सोडायला शिकावं. दोन्ही हात धरून इतकं पुढे आणि खाली पोचणं अवघड जातं. माझ्या मते क्लबच्या खेळाडूने नवा टॉपस्पिन शिकण्याआधी एका हाताचा साधा स्लाइस पक्का करावा. तो सत्तरीपर्यंत साथ देतो.

मारून मागे पळणं

सर्व्हिस लाइनपर्यंत आलात, चेंडू परतवला आणि पुन्हा बेसलाइनकडे निघालात, तर पुढचा चेंडू अर्ध्या वाटेत पायाशी पडणार. आलात तर पुढेच जा. जाळीपासून दोन-तीन पावलांवर थांबा, पुन्हा छोटी उडी घ्या, रॅकेट छातीसमोर ठेवा. मात्र जाळीला अंग किंवा रॅकेट लागू देऊ नका, चेंडू खेळात असताना तसं झालं की पॉइंट गेला.

सिंगल्समध्ये हा चेंडू शक्यतो समोरच्या सरळ रेषेत, खोल टाका. तिरका टाकलात तर परतीची मोकळी बाजू झाकायला तुम्हाला जास्त पळावं लागतं. डबल्समध्ये दोघांच्या मधून काढा, तिथे जाळीही सगळ्यात खाली असते आणि "तुझा की माझा" हा घोळही होतो. समोरचे दोघेही जाळीवर असतील तर त्यांच्या पायाशी हळू टाका किंवा सरळ लॉब करा, म्हणजे डोक्यावरून उंच टाका. तुमच्या पार्टनरनेही तुमच्याबरोबर पुढे यायला हवं. एक पुढे, एक मागे राहिला की मधली खिंड उघडी पडते.

धावत घेतलेल्या अशा चेंडूवर दोन टप्पे पडले का, यावरून वाद होतात. पंच नसतो तेव्हा ते घेणाऱ्यालाच सगळ्यात नीट कळतं. पडले असतील तर लगेच सांगून टाका.

चेंडूच मेला असेल तर

कधीकधी दोष तंत्राचा नसतोच. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांप्रमाणे 254 सेंटिमीटरवरून कडक पृष्ठभागावर सोडलेला नेहमीचा चेंडू 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा, आणि ही चाचणी 20 अंश सेल्सिअसला होते. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला पारा 10 अंशांच्या आसपास असतो, निफाडकडे अजून खाली. थंडीत चेंडूच्या आतल्या हवेचा दाब कमी होतो, रबरही कडक होतं आणि टप्पा बसतो. त्यात डबा उघडून महिना झालेला असेल तर दाब आधीच झिरपून गेलेला असतो.

खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडून बघा. निम्म्याहून थोडा जास्त उठला तर ठीक. त्यापेक्षा कमी उठत असेल तर तो सरावाच्या टोपलीत टाका. हिवाळ्यात चेंडूंचा डबा रात्रभर स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, घरात ठेवा. पावसाळ्यात ओल्या कोर्टवर चेंडूची लव पाणी पिते, चेंडू जड होतो आणि आखूडच पडतो. अशा दिवशी एक पाऊल आत उभे राहा. आपलं शहर उंचावर आहे म्हणून टप्पा कमी, असंही काहीजण म्हणतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे आणि उंचीवरच्या विरळ हवेत चेंडू उलट जास्त पळतो. उंचीसाठीचे खास चेंडूसुद्धा 1,219 मीटरच्या वरच्या ठिकाणांसाठी असतात.

सराव कुठे करायचा

सराव म्हणून आपण बेसलाइनवरून लांब रॅली मारतो. त्यात हा चेंडू येतच नाही. सामन्याआधीची दहा मिनिटं दोघंही सर्व्हिस बॉक्समध्ये उभे राहा आणि फक्त स्लाइसने, चेंडू जाळीच्या फार वर न नेता खेळा. नंतर एकाने बेसलाइनवर थांबायचं, दुसऱ्याने जाळीपासून हाताने हळू, खाली चेंडू टाकायचे. कधी फोरहँडला, कधी बॅकहँडला, न सांगता. प्रत्येक चेंडूआधी उडी, मग पळणं, मग लहान स्विंग. पलीकडे बेसलाइनच्या आत दोन पावलांवर टोपी ठेवा आणि चेंडू तिच्या आसपास पाडा. सुरुवातीला जोर अजिबात लावू नका. टोपीजवळ चेंडू पडायला लागले की मगच टाकणाऱ्याला चेंडू थोडे वेगाने आणि थोडे लांब टाकायला सांगा.