बाथरोब घेताना आधी जीएसएम बघा

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. हॉटेलसाठी ४०० च्या आसपासचा टेरी (टॉवेलसारख्या कापडाचा) रोब पुरतो. त्याहून जड असला तर वाळायला फार वेळ लागतो. स्पामध्ये आणि पावसाळ्यात घरी दोरीवर वाळवायला २५० च्या आतला वॅफल विणीचा (चौकोनी खळग्यांच्या कापडाचा) बरा.

टेरी उलटून बघा. सोलापुरी टॉवेलसारखे सुताचे फासे आतून शाबूत हवेत, पाणी तेच टिपतात. मखमली दिसण्यासाठी फासे कापलेली बाजू कमी टिपते, ती बाहेरच असू दे. एखादा फासा लोंबला तर ओढू नका, कात्रीने कापा.

सुती रोब धुतल्यावर आटतो, म्हणून माप सैलच घ्या. सॉफ्टनर मात्र नकोच: धाग्यावर थर बसतो आणि रोब पाणी टिपेनासा होतो.