बोर्ड झोपतो, पण बॅटरी उतरतच राहते: स्लीपमधला करंट शोधून कमी करणे

कोडमध्ये स्लीपची ओळ घातली, तरी बॅटरी दोन महिन्यांत संपते. अशा वेळी दोष बहुधा चिपचा नसतो. एटीमेगा३२८पी ही आर्डुइनोतली मायक्रोकंट्रोलर चिप ३ व्होल्टवर पॉवर-डाऊन मोडमध्ये (सर्वांत गाढ झोपेत), ठरावीक वेळाने उठवणारा वॉचडॉग टायमर चालू ठेवूनही, साधारण ४ मायक्रोअँपियर घेते. वॉचडॉग बंद असेल तर ०.१ च्या आसपास. तीच चिप बसवलेला आर्डुइनो प्रो मिनी बोर्ड जसाच्या तसा झोपवला, तर करंट सहज १ मिलिअँपियरच्या वर जातो. हा जास्तीचा करंट चिपच्या शेजारी बसलेली मंडळी खातात: पॉवर एलईडी, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, सेन्सरचे मॉड्यूल.

आधी हिशेब करून घ्या. बोर्ड दर १० मिनिटांनी उठून २०० मिलिसेकंद ८ मिलिअँपियर घेत असेल, तर त्याची सरासरी पडते फक्त २.७ मायक्रोअँपियर. झोपेतले ६ धरले तर एकूण ८.७, म्हणजे वर्षाला जेमतेम ७६ मिलिअँपियर-तास. २५०० मिलिअँपियर-तासांचे एए सेल यात स्वतःच्या गळतीनेच आधी मरतील. झोपेतला करंट १.५ मिलिअँपियर असेल, तर तेच सेल ७० दिवसही टिकत नाहीत. म्हणून जागेपणीचा कोड वेगवान करण्यात वेळ घालवण्याआधी झोप मोजा.

मोजतानाच पहिली फसगत होते. साध्या मल्टिमीटरच्या २००० मायक्रोअँपियर रेंजमध्ये आत साधारण १०० ओहमचा शंट (करंट मोजण्यासाठीचा रेझिस्टर) असतो. झोपेत तो अडचण करत नाही, पण बोर्ड जागा होऊन १० मिलिअँपियर मागतो तेव्हा मीटरवरच १ व्होल्ट पडतो. मग व्होल्टेज पडल्यावर लक्ष ठेवणारा ब्राउन-आऊट डिटेक्टर चिपला रीसेट करतो, ती पुन्हा सुरू होते, पुन्हा रीसेट होते आणि झोपेपर्यंत पोहोचतच नाही. उपाय सोपा आहे: मीटरच्या दोन प्रोबना समांतर एक स्विच लावा. स्विच चालू ठेवून बोर्ड सुरू करा, तो झोपला की स्विच उघडा, आकडा वाचा आणि उठायच्या आत स्विच पुन्हा चालू करा. मीटरची मायक्रोअँपियर रेंज भरवशाची नसेल, तर त्या जागी १ किलोओहमचा रेझिस्टर टाकून त्यावरचे मिलिव्होल्ट मोजा. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपियर.

मोजण्याआधी यूएसबी-सिरियल अडॅप्टर काढलाच पाहिजे. त्याची पॉवरची वायर काढून टीएक्स (डेटा पाठवणारी वायर) तशीच ठेवली, तर त्या पिनवरचा हाय सिग्नल चिपच्या संरक्षक डायोडमधून बोर्डाला वीज पुरवतो. मीटर खोटा, छान आकडा दाखवतो, कधी कधी तर ऋण.

आता बोर्डावर एकही सेन्सर न ठेवता, फक्त झोपणारा कोड टाका आणि एकेक गोष्ट कमी करत जा. प्रत्येक बदलानंतर आकडा लिहून ठेवा. तीन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

पॉवर एलईडी सर्वांत आधी. तो किंवा त्याच्या सिरीजमधला रेझिस्टर, कोणताही एक काढला की झाले. सोल्डरिंग आयर्नने दोन्ही टोके आळीपाळीने तापवा आणि भाग सरकवा. ओढू नका, ओढलात तर पॅड उखडून येते.

मग रेग्युलेटर. एएमएस१११७ स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपियर घेतो, त्यामुळे बॅटरीवरच्या बोर्डावर त्याला जागा नाही. एमसीपी१७०० ला १.६ मायक्रोअँपियर पुरतात, पण त्याची इनपुट मर्यादा ६ व्होल्ट आहे. एका लिथियम-आयन सेलला ठीक, ९ व्होल्टच्या बॅटरीला नाही. त्याच्या इनपुट आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर हवेतच. १२ व्होल्टपर्यंत जायचे असेल तर एचटी७३३३ घ्या, तो ४ च्या आसपास घेतो. दोन एए सेल थेट व्हीसीसीला (चिपच्या वीजपुरवठ्याच्या पिनला) जोडणे याहून सोपे. मात्र मूळ रेग्युलेटर तसाच ठेवून व्हीसीसीला वीज दिली, तर आउटपुटच्या बाजूने तो थोडे खातच राहतो. कापून टाका.

दोन सेलवर चालवताना ब्राउन-आऊटचा फ्यूज (चिपमधली कायमची सेटिंग) २.७ व्होल्टवर असेल, तर प्रत्येक सेल १.३५ ला आला की बोर्ड बंद पडतो आणि बरीच शक्ती सेलमध्येच राहते. तो १.८ वर आणा. पण ८ मेगाहर्ट्झला चिप २.४ व्होल्टच्या खाली खात्रीची नाही, म्हणून प्रीस्केलरने (घड्याळाचा वेग भागणाऱ्या चिपमधल्या सोयीने) घड्याळ ४ मेगाहर्ट्झवर आणा. त्यानंतर सिरियलचा बॉड दर (डेटा पाठवण्याचा वेग) आणि डिलेची वेळ दोन्ही चुकतात, हे लक्षात ठेवा.

कोडमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी एडीसीएसआरए रजिस्टर शून्य करून एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा चिपमधला भाग) बंद करा, मगच चिपचे भाग बंद करणाऱ्या पॉवर रिडक्शन रजिस्टरला हात लावा. उलट केले तर एडीसी चालू अवस्थेतच गोठतो आणि झोपेतही २०० ते ३०० मायक्रोअँपियर घेत राहतो. सिरियलवर काही छापले असेल तर फ्लश करून सगळे पाठवून होईपर्यंत थांबा, नाहीतर शेवटची अक्षरे तुटतात. मग इंटरप्ट (चालू काम थांबवणारे किंवा चिपला उठवणारे संकेत) बंद, स्लीप एनेबल, झोपेपुरता ब्राउन-आऊट बंद करण्याचा आदेश, इंटरप्ट चालू आणि लगेच स्लीप. ब्राउन-आऊट बंद करणारा बिट फक्त ३ क्लॉक सायकल टिकतो, त्यामुळे या शेवटच्या तीन आदेशांमध्ये दुसरे काहीही घालू नका. इंटरप्ट चालू करणाऱ्या आदेशानंतरचा एक आदेश नेहमी आधी पार पडतो, म्हणून ऐन झोपताना इंटरप्ट आला तरी चिप कायमची झोपून जात नाही.

वॉचडॉगची कमाल मुदत ८ सेकंद. १० मिनिटांसाठी ७५ वेळा उठून लगेच झोपावे लागते. त्याचा खर्च किरकोळ आहे, पण त्याचे घड्याळ ढिले चालते आणि मिलिस (मिलिसेकंद मोजणारे फंक्शन) झोपेत थांबते. वेळ नेमकी हवी तर बाहेरचे आरटीसी (वेळ सांगणारी घड्याळाची चिप) लावा. त्याच्या अलार्मने लो-लेव्हल इंटरप्ट देत असाल, तर इंटरप्टच्या फंक्शनमध्ये तो लगेच काढून टाका, नाहीतर पिन खाली असेपर्यंत तेच फंक्शन पुन्हा पुन्हा चालते.

न वापरलेल्या पिन लोंबत ठेवू नका. इनपुट पिन मधल्याच व्होल्टेजवर राहिली की आतले दोन्ही ट्रान्झिस्टर थोडे थोडे चालू राहतात. अंतर्गत पुलअप (पिन हाय धरून ठेवणारा रेझिस्टर) लावा किंवा आउटपुट करून लो ठेवा.

सेन्सरची वीज झोपताना तोडणे उत्तम. १० मिलिअँपियरच्या आतला सेन्सर थेट पिनवरून चालतो. मोठ्याला स्विच म्हणून पी-चॅनेल मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), गेटवर सप्लायकडे १०० किलोओहम. गंमत अशी की सप्लाय तोडला आणि डेटा पिन हाय राहिली, तर सेन्सर डेटा पिनवरूनच अर्धवट चालू राहतो. आधी आय-टू-सी (सेन्सरशी बोलणारी दोन तारांची जोडणी) बंद करून त्या पिन लो करा, पुलअप मॉड्यूलच्या तोडलेल्या बाजूलाच असू द्या, मग सप्लाय तोडा. डीएचटी२२ या तापमान-आर्द्रता सेन्सरला वीज दिल्यावर १ सेकंद थांबावे लागते. तो सेकंद डिलेमध्ये घालवू नका. पिनची अवस्था झोपेत टिकते, तेव्हा सेन्सर चालू करून १ सेकंद वॉचडॉगवर झोपा.

बॅटरी मोजणारा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारे दोन रेझिस्टर) बहुतेक जण विसरतात. ४.२ व्होल्टवर १० किलोओहमचे दोन रेझिस्टर २१० मायक्रोअँपियर अखंड वाहवतात. १ मेगाओहमचे दोन घेतले तर २.१. मग एडीसीच्या पिनपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड लावा, नाहीतर वाचन चुकते.

ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या चिपचीही हीच रीत. आरटीसी टायमरवरच्या डीप स्लीपमध्ये चिप १० मायक्रोअँपियर घेते, पण डेव्हलपमेंट बोर्ड रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि एलईडीमुळे मिलिअँपियरमध्येच राहतो. तिथे सुटे मॉड्यूल वापरलेले बरे.

आकडा कमी होत नसेल तर आकड्यालाच विचारा. साधारण २० मायक्रोअँपियर जास्त दिसत असतील तर ब्राउन-आऊट चालू राहिला आहे. २०० ते ३०० म्हणजे एडीसी. ३.३ व्होल्टवर नेमके ३३० असतील तर १० किलोओहमचा एखादा पुलअप लो पिनवर ओढला जातोय. ७०० असतील तर ४.७ किलोओहमचा. ५ मिलिअँपियरच्या आसपास असेल तर एखाद्या मॉड्यूलवर एएमएस१११७ शोधा, मायक्रोएसडीच्या मॉड्यूलवर तो हमखास सापडतो. आणि बोर्डाजवळ हात नेला की आकडा नाचत असेल, तर कुठली तरी पिन अजून लोंबतेय.