परफॉर्मन्स कार्ब (कार्बोरेटर) बसवलाय ना, मग पेट्रोलचा पंप कुठला घ्यायचा ते आधी ठरवा

गाडीला वेबर किंवा होली कंपनीचा कार्ब चढवला की सगळे जेटिंगच्या, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोल-हवेच्या मापांच्या मागे लागतात, चोक केवढा, एमल्शन ट्यूब कुठली, आणि पंप मात्र कंपनीचा जुनाच राहतो. नाहीतर मग एकदम दुसरं टोक, दुकानात मिळेल तो सगळ्यात मोठा इलेक्ट्रिक पंप आणायचा आणि लावून टाकायचा. दोन्हीत गडबड आहे, कारण कार्बला प्रेशर अगदी थोडं लागतं पण पेट्रोल भरपूर लागतं, आणि पंप निवडताना या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आधी प्रेशर. पंपाचं काम फ्लोट बाउल, म्हणजे कार्बमधली पेट्रोलची छोटी वाटी, भरलेला ठेवणं एवढंच, पुढचं जेट आणि हवा बघून घेतात. बाउलमधे येणारं पेट्रोल निडल, म्हणजे सुईसारखा व्हॉल्व्ह, अडवते आणि निडलला दाबून धरतो पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, त्याचा जोर तो केवढा असणार. प्रेशर जास्त झालं की निडल सीटवरून उचलली जाते, बाउल ओसंडतो, प्लग काळे पडतात, पेट्रोल सिलिंडरमधलं ऑइल धुवून खाली ऑइलच्या टाकीत (संपमधे) उतरतं आणि मग बेअरिंगची वाट लागते. आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल सांडलं तर काय होईल ते सांगायला नको. वेबरच्या डीसीओई मॉडेलला २.५ ते ३.५ पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) पुरतं, एसयूला २ ते ३, एडेलब्रॉकला साधारण ५.५ आणि साडेसहाच्या वर नकोच, होलीला ६ ते ७. म्हणजे होलीसाठी एकदम बरोबर असलेला पंप वेबरला सरळ जोडला तर ओव्हरफ्लो होणार, पंप चांगल्या कंपनीचा असला तरी.

आता किती लिटर लागतं ते. फुल थ्रॉटलला एका हॉर्सपॉवरला तासाला अंदाजे अर्धा पाउंड पेट्रोल लागतं, आपल्या हिशोबात १०० एचपीला तासाला ३० लिटरच्या आसपास. समजा एस्टीमचं १३०० सीसी इंजिन आहे, त्यावर दोन ४० डीसीओई कार्ब आहेत आणि १०० एचपी धरलीय, तर ३० लिटर, त्यात पाव-एक मार्जिन, आणि E20 मुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) पेट्रोल थोडं जास्त जातं म्हणून अजून थोडं, झाले ४० लिटर. चारशे एचपीचं अमेरिकन व्ही-८ असेल तर हेच १६० लिटर. बघा, आकडे वाटतात तेवढे मोठे नाहीत, चार सिलिंडरला उगाच राक्षसी पंप लागत नाही.

पण डब्यावरचा आकडा बघून फसू नका. तिथे बहुतेक वेळा फ्री फ्लो छापलेला असतो, म्हणजे पुढे काहीच अडथळा नसताना किती वाहतं ते. होलीच्या रेड पंपाचं बघा, फ्री फ्लो ९७ गॅलन म्हणजे तासाला ३६७ लिटर, तोच पंप ४ पीएसआयला ६७ गॅलन म्हणजे २५४ लिटर देतो. तुम्हाला हवा तो दुसरा आकडा. आणि फॅसेट कंपनीचे चौकोनी क्यूब पंप घेताना पार्ट नंबर वाचूनच घ्या, वेगवेगळ्या प्रेशरचे पंप बाहेरून सारखेच दिसतात.

कुठल्या प्रकारचा घ्यायचा? कंपनीचा मेकॅनिकल पंप, आपले मेस्त्री ज्याला एसी पंप म्हणतात तो, थोड्याफार ट्यून केलेल्या इंजिनाला बऱ्याचदा पुरतो, वायरिंग नाही, इंजिन बंद की पंप बंद. डायफ्राम मात्र E20 ला चालणारा टाका. तो कमी पडला तरच इलेक्ट्रिक. माझं मत विचाराल तर वेबरसाठी ६-७ पीएसआयचा छोटा पंप आणि कार्बजवळ प्रेशर कमी करून ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर ही जोडी सगळ्यात चांगली, नुसता ३ पीएसआयचा पंप नाही. कारण पंप मागे टाकीजवळ आणि कार्ब पुढे, मधे तीन मीटर पाइप, गाडी जोरात निघाली की त्या पाइपातलं पेट्रोल मागे ढकललं जातं आणि १ जी ला सुमारे ३ पीएसआय तिथेच जातात, रोडवरच्या गाडीलासुद्धा जोरात पळवताना एक-सव्वा जातं. पंपाकडे जास्तीचं प्रेशर असेल तर रेग्युलेटरनंतर कार्बला तेवढंच मिळत राहतं.

एमपीएफआय (फ्यूएल इंजेक्शनवाल्या) गाडीचा पंप स्वस्तात मिळतो म्हणून तो लावायची फॅशन आहे, कृपा करून नको. तो ३ बार म्हणजे ४३ पीएसआयसाठी बनलाय, साधा रेग्युलेटर त्याला आवरू शकत नाही. लावायचाच असेल तर जास्तीचं पेट्रोल परत पाठवणारा बायपास रेग्युलेटर आणि टाकीपर्यंत वेगळी रिटर्न लाइन पाहिजेच.

फिटिंग करताना पंप टाकीजवळ आणि शक्यतो टाकीच्या तळापेक्षा खाली ठेवा. हे पंप ढकलण्यात पक्के असतात, ओढण्यात कच्चे, आणि लांबून ओढायला लावलं की पाइपात व्हॅक्यूम तयार होऊन पेट्रोलची वाफ होते, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तर हमखास. पंपाच्या आधी जाड जाळीचा फिल्टर, बारीक फिल्टर नंतर. पाइप १०० एचपीला ८ एमएमचा बास, तो E20 चालणाराच मागा, त्यावर जे ३० आर ९ लिहिलेलं असतं.

वायरिंग रिले आणि फ्यूज टाकूनच करा, आणि इंजिन चालू असताना पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, तिथे १२ च्या खाली मिळत असेल तर पंपाला नाही, वायरला आणि अर्थिंगला दोष द्या. ऑइल प्रेशर स्विच (इंजिन बंद की पंप बंद) किंवा इनर्शिया स्विच (जोरात धक्का बसला की पंप बंद) लावाच, अपघातात इंजिन बंद पडलं तरी नुसती किल्ली चालू असल्यावर पंप फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो, यात कंजूषी नको.

शेवटी तपासणी. मोकळ्या जागेत, जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवून, रेग्युलेटरनंतरचा पाइप पत्र्याच्या कॅनमधे सोडा आणि पंप ३० सेकंद चालवा, अर्धा लिटर आलं तर तासाला ६० लिटर. मग कार्बच्या अगदी आधी टी टाकून गेज लावा, गेज बॉनेटखालीच किंवा काचेबाहेर, पेट्रोलची लाइन केबिनमधे आणायची नाही. आयडलला आकडा बरोबर दिसला म्हणून खूश होऊ नका, तेव्हा पेट्रोल जातंच किती. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमधे फुल थ्रॉटल द्या आणि शेजारच्याला गेज बघायला सांगा, वेबरवर काटा २ च्या खाली उतरत असेल तर आधी फिल्टर, मग पाइप, मग व्होल्टेज बघा, आणि हे तिन्ही ठीक असतील तरच मोठा पंप घ्या.