गालिच्यावर रंग पडला? आधी हात आवरा, मग टिपा

धुळवडीच्या दुपारी रंग घरात शिरतो तो बहुतेक पोरांच्या तळपायांतून. पावसाळ्यात नवी ओली जीन्स गालिच्यावर पडून राहते आणि निळा ठसा उमटतो. कधी कुंकवाचा करंडा कलंडतो, कधी हेअर डायची वाटी. या सगळ्यांत आणि चिखलात फरक आहे. चिखल लवेवर बसतो, रंग धाग्याच्या आत जातो आणि तिथेच राहावा म्हणूनच तो बनवलेला असतो. म्हणून घासलं तर डाग रुंद होतो, लव पिंजते आणि रंग खालच्या अस्तरापर्यंत पोचतो.

कोरडा रंग (गुलाल, कुंकू) असेल तर पाण्याचा थेंबही लावू नका. व्हॅक्यूम क्लिनरचा ब्रश काढून नुसती नळी डागावर वरून टेकवत फिरवा. व्हॅक्यूम नसेल तर रुंद चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला, दर वेळी नवा तुकडा घ्या. अर्धं काम इथेच होतं, आणि बहुतेक गालिचे इथेच बिघडतात, कारण घरातलं कुणीतरी आधीच ओलं फडकं घेऊन धावलेलं असतं.

ओल्या रंगाला हात लावण्याआधी गालिचा कशाचा आहे ते बघा. मागचं लेबल गेलं असेल तर झालरीचा किंवा कडेचा एखादा धागा कापा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर किंवा रेशीम. कागदासारखा वास आला तर सुती, ज्यूट किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासूनचा, रेशमासारखा दिसणारा धागा). वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. स्वस्त, यंत्रावर विणलेले गालिचे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि तुमचाही तसाच निघाला तर नशीब चांगलं, कारण हा धागा पाण्यात विरघळणारा रंग सहसा आत घेत नाही. व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर होतं. ज्यूट पाण्याने तपकिरी पडतं. या दोघांना फक्त कोरड्या कपड्याने टिपा आणि जाणकाराकडे द्या.

हाताशी ठेवायचं सामान: जुने पांढरे सुती कपडे (रंगीत पंचा नको, तो स्वतःचा रंग सोडतो), भांड्यांचं लिक्विड, पांढरं व्हिनेगर, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडच्या बाटलीवरचा आकडा वाचा. आपल्याकडे ते सहसा ६ टक्क्यांचं मिळतं. वापरताना तितकंच पाणी घालून ३ टक्के करायचं.

कोणताही द्रव आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात लावा, दहा मिनिटांनी पांढरा कपडा दाबून बघा. गालिच्याचा स्वतःचा रंग कपड्यावर आला तर तो द्रव बाद.

आता मुख्य काम. कोरडा पांढरा कपडा घडी करून डागावर ठेवा आणि टाचेने दाबा. कपड्याची बाजू बदलत राहा. मग एक कप थंड पाण्यात पाव चहाचा चमचा लिक्विड मिसळा. एका वेळी एक-दोन चमचेच टाका, तीन-चार मिनिटं थांबा, कडेकडून मध्याकडे टिपा. कपड्यावर रंग येतोय तोवर हेच चालू ठेवा, पाच-सहा फेऱ्या सहज लागतात. रंग येणं थांबलं की मगच पुढचा उपाय. घाईत एकावर एक सगळं ओतलं की कशाने फायदा झाला आणि कशाने नुकसान, हे कळत नाही.

शाई, हेअर डाय, तेलकट पक्का रंग यांना स्पिरिट लागू पडतं. ते गालिच्यावर न ओतता कपड्यावर घ्या, कारण अस्तराचा गोंद त्यात सैल होतो. खिडक्या उघडा, देवघरातला दिवा आणि गॅस बंद ठेवा. इतर रंगांसाठी एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग थंड पाणी. लोकरीवर मात्र जपून: लोकर रंगवताना आम्ल आणि उष्णता वापरूनच रंग पक्का करतात. म्हणून लोकरीवर आधी साबणपाणी, व्हिनेगर अगदी शेवटी आणि थंडच. गरम पाणी, वाफ, इस्त्री कोणत्याच गालिच्यावर नको.

पेरॉक्साइड हा शेवटचा उपाय, तोही फिकट, कृत्रिम धाग्याच्या गालिच्यावर. ड्रॉपरने फक्त डागावर थेंब टाका, अर्धा तास ठेवा, टिपा, गरज पडली तर पुन्हा. ते रंग उचलत नाही, रंग मारतं. गालिच्याचा रंग उडाला तर तो परत येणार नाही.

हळदीची गंमत वेगळी. अल्कधर्मी साबण लागताच डाग लालभडक होतो आणि लोक घाबरतात. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, एवढंच. व्हिनेगरच्या पाण्याने पुन्हा पिवळं होईल. उरलेला पिवळेपणा उन्हात उडतो. बाकीचा गालिचा चादरीने झाका, डागापुरती जागा उघडी ठेवा आणि बाल्कनीत दोन-तीन दुपारी ऊन द्या. मेंदीचा रंग केराटिनला धरतो. तळहाताच्या कातडीत तेच असतं आणि लोकरीतही तेच. त्यामुळे लोकरीत मुरलेली मेंदी निघेल अशी आशा धरू नका. ओला लगदा चमच्याने लगेच उचलणं, एवढंच हातात आहे.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र फसफसतं ते डोळ्यांना बरं वाटतं, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. क्लोरीन ब्लीच तर आणूच नका. ते लोकर विरघळवतं आणि व्हिनेगरमध्ये मिसळलं तर विषारी वायू निघतो. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडही एका बाटलीत भरू नका.

शेवटी साध्या थंड पाण्याने तीन-चार वेळा टिपून साबण काढा, नाहीतर त्या चिकट जागी महिनाभरात काळा धब्बा दिसेल. इमारतीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर या फेरीला पिण्याचं पाणी वापरा.

वाळल्यावर डाग परत दिसला तर तो नवा नसतो. खाली राहिलेला रंग पाण्याबरोबर वर येतो. त्यावर उपाय: पांढऱ्या कपड्यांची जाड घडी, वर प्लॅस्टिक, वर पाण्याने भरलेला डबा, रात्रभर. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या हवेत गालिचा आपोआप वाळत नाही, कुबट वास येतो आणि बुरशी धरते. डागाखाली दोन पाट सरकवून पंखा खालून लावा, एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा.

फक्त टोकांवर रंग उरला असेल तर नखं कापायच्या कात्रीने मिलिमीटरभर लव छाटा. हाताने विणलेल्या लोकरी किंवा रेशमी गालिच्याला मात्र कात्री लावू नका. तो धुणाऱ्याकडे द्या आणि त्याला काय काय लावलं ते सगळं सांगा, पेरॉक्साइड तर नक्कीच.